कॅमेरा रात्रीच का बंद पडतो? वायरिंगमधला दोष घरच्या घरी कसा शोधायचा



आजचा विषय पाठ्यपुस्तकाबाहेरचा वाटेल, पण पुढे वाचाल तेव्हा नववीचं धाराविद्युत आणि दहावीचं वर्गसमीकरण दोन्ही यात सापडतील. विषय आहे घराला किंवा शाळेला बसवलेल्या सीसीटीव्ही कॅमेऱ्याचा, आणि त्याला नेट व वीज पुरवणाऱ्या केबलचा.

ऑगस्ट २०२४ मध्ये राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने शाळांत सीसीटीव्ही बंधनकारक केले. त्यानंतर बहुतेक मुख्याध्यापकांच्या टेबलाशेजारी एक स्क्रीन आली. घरांचंही तसंच. फाटकावर एक, गाडी लावतो तिथे एक, मागच्या दाराला एक. कॅमेरे बसतात, महिनाभर छान चालतात, आणि मग एक दिवस चार चौकटींपैकी एक चौकट काळी दिसते. आपण फोन करतो. माणूस येतो, कॅमेरा बदलतो, पैसे घेतो. आठ दिवसांनी तीच चौकट पुन्हा काळी.

खरी अडचण पुढे आहे. असा कॅमेरा बऱ्याचदा दिवसा व्यवस्थित चालतो. आपण स्क्रीनकडे बघतो तेही दिवसाच. तो बंद पडतो रात्री, म्हणजे ज्या वेळेसाठी तो बसवला त्याच वेळेला. काही घडल्यावर चित्रण शोधायला जावं, तर संध्याकाळी सातपासून सकाळी सहापर्यंत कोरी पाटी.

अशा वेळी कॅमेऱ्यावर संशय घेण्याआधी वायर तपासावी. ती तपासण्याची रीत अवघड नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय झालं ते लिहून ठेवायचं. आपण मुलांना प्रयोगवहीत हेच शिकवतो ना!

आधी रचना समजून घेऊ

पूर्वीच्या कॅमेऱ्यांना दोन वायरी लागत. चित्रासाठी एक जाड केबल आणि विजेसाठी वेगळी जोडी. आता जे आयपी कॅमेरे येतात त्यांना एकच नेटवर्क केबल पुरते. चित्र त्याच केबलमधून येतं आणि वीजही त्याच केबलमधून जाते. याला पीओई म्हणतात, म्हणजे पॉवर ओव्हर इथरनेट.

या केबलमध्ये आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार पिळलेल्या जोड्या. नारंगी, हिरवी, निळी आणि तपकिरी. प्रत्येक जोडीत एक तार पूर्ण रंगाची आणि दुसरी पांढऱ्यावर त्या रंगाची रेघ असलेली. केबलचं एक टोक कॅमेऱ्याकडे जातं, दुसरं 'पीओई स्विच' नावाच्या डबीत. (हा स्विच म्हणजे भिंतीवरचं दिव्याचं बटण नव्हे बरं का. चार-आठ भोकांची ही डबी राउटर किंवा एनव्हीआरशेजारी ठेवलेली असते. काही एनव्हीआरच्या पाठीमागेच ही सोय असते.)

खरा पीओई स्विच फार शिस्तीचा असतो. तो केबल जोडल्याबरोबर वीज सोडत नाही. आधी अगदी थोडं व्होल्टेज पाठवून तो बघतो की पलीकडे साधारण २५ किलोओहमचा ठरावीक रोध आहे का. तो असेल तरच पलीकडचं उपकरण पीओईचं आहे असं समजून तो ४८ व्होल्टच्या आसपास वीज देतो. आधी हजेरी, मग वीज! २००३ च्या मानकात, म्हणजे ८०२.३ एएफमध्ये, स्विचने एका भोकातून जास्तीत जास्त १५.४ वॅट द्यायचे आणि कॅमेऱ्यापर्यंत १२.९५ वॅट पोचतील असं धरलं आहे. मधले अडीच वॅट कुठे गेले? वायरीत, उष्णतेच्या रूपाने. मानक लिहिणाऱ्यांनीसुद्धा वायरीचा तोटा आधीच मोजून ठेवला आहे. २००९ च्या ८०२.३ एटी मानकात हेच आकडे ३० आणि २५.५ वॅट झाले.

केबलची लांबीही ठरलेली आहे, जास्तीत जास्त १०० मीटर. फाटक लांब आहे म्हणून १३० मीटर ओढली तर कधी चालेल, कधी नाही.

कॅमेरा रात्रीच का बंद पडतो?

अंधार पडला की कॅमेऱ्यातले इन्फ्रारेड दिवे लागतात. आपल्या डोळ्यांना त्यांचा प्रकाश दिसत नाही, फार तर काही कॅमेऱ्यांत मंद लाल ठिपके दिसतात. पण हे दिवे वीज खातात. दिवसा ४ वॅटवर चालणारा कॅमेरा रात्री ८ वॅट मागतो असं उदाहरणासाठी धरू.

आता बाजारातली एक गोष्ट सांगायला हवी. 'पीओई' या नावाखाली दोन छोट्या वायरींची एक स्वस्त जोडी मिळते. एक तुकडा ॲडॅप्टरजवळ, दुसरा कॅमेऱ्याजवळ लावायचा. ही जोडी ॲडॅप्टरचे १२ व्होल्ट निळ्या आणि तपकिरी तारांवरून तसेच पुढे ढकलते. हजेरी नाही आणि ४८ व्होल्टही नाहीत. जवळच्या कॅमेऱ्याला हे चालून जातं. लांबच्या कॅमेऱ्याचं काय होतं ते गणिताने बघू.

समजा फाटक ६० मीटरवर आहे. नेटवर्क केबलमधल्या तांब्याच्या नेहमीच्या जाडीच्या तारेचा रोध १०० मीटरला साधारण ८.४ ओहम असतो. म्हणजे ६० मीटरला सुमारे ५ ओहम. जाण्यासाठी दोन तारा समांतर जोडलेल्या, म्हणून अडीच ओहम. परतीसाठी दोन तारा, पुन्हा अडीच. एकूण ५ ओहम.

विद्युतधारा क्ष ॲम्पिअर मानू. ॲडॅप्टर देतो १२क्ष वॅट. वायर खाते ५क्ष² वॅट. उरतं ते कॅमेऱ्याला.

दिवसा कॅमेऱ्याला ४ वॅट हवेत:
१२क्ष − ५क्ष² = ४
म्हणजे ५क्ष² − १२क्ष + ४ = ०
विवेचक = १४४ − ८० = ६४, वर्गमूळ ८
क्ष = (१२ − ८) ÷ १० = ०.४ ॲम्पिअर

(दुसरी किंमत २ ॲम्पिअर येते. त्यात जवळजवळ सगळी वीज वायरच खाईल, म्हणून व्यवहारात ती सोडून द्यायची.) ०.४ ॲम्पिअर गुणिले ५ ओहम म्हणजे २ व्होल्ट वायरीत गेले आणि कॅमेऱ्याला १० मिळाले. कुरकुरत का होईना, बरेच कॅमेरे यावर चालतात.

रात्री ८ वॅट हवेत:
५क्ष² − १२क्ष + ८ = ०
विवेचक = १४४ − १६० = −१६

विवेचक ऋण! दहावीच्या मुलांना विचारा याचा अर्थ काय. ती सांगतील, "सर, वास्तव मुळं नाहीत." बरोबर. फाटकावरच्या कॅमेऱ्याच्या भाषेत याचा अर्थ एवढाच की या वायरीतून ८ वॅट पोचवणं कुठल्याही विद्युतधारेला शक्य नाही. हिशोब केला तर या वायरीची मर्यादा ७.२ वॅट निघते. दिवे लागतात, व्होल्टेज कोसळतं, कॅमेरा बंद होतो. बंद झाल्यावर भार जातो, व्होल्टेज पुन्हा १२ होतं, कॅमेरा पुन्हा सुरू होतो, दिवे लागतात, पुन्हा बंद. रात्रभर हाच खेळ. सकाळी उजेड झाला की सगळं ठीक!

आता हेच ४८ व्होल्टने करून बघा. ५क्ष² − ४८क्ष + ८ = ० सोडवलं तर विद्युतधारा ०.१७ ॲम्पिअर येते आणि वायरीत एक व्होल्टसुद्धा जात नाही. तीच वायर आणि तोच कॅमेरा, फक्त वीज जास्त व्होल्टेजने पाठवली. वीज मंडळ लांबवर वीज नेताना उच्च दाबाच्या तारा का वापरतं, याचं उत्तर आपल्या फाटकापाशीच मिळालं.

मल्टिमीटर फसवतो, तो कसा?

या दोषात हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "अहो, मी मोजलं, कॅमेऱ्याच्या टोकाला बारा व्होल्ट बरोबर येताहेत. कॅमेराच गेलाय."

मोजणारा खोटं बोलत नाही. पण त्याने कॅमेरा काढून मोजलं. कॅमेरा काढला की धारा जवळजवळ शून्य, आणि धारा शून्य म्हणजे वायरीतली घटही शून्य. ओहमचा नियमच आहे तसा. म्हणून व्होल्टेज मोजायचं ते कॅमेरा जोडलेला असताना, आणि शक्यतो दिवे लागलेले असताना. दिवसा मोजायचं असेल तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'नाईट मोड' सक्तीने चालू करता येतो का ते बघा. अनेक कॅमेऱ्यांत ती सोय असते.

तारेत खरंच तांबं आहे का?

वरच्या गणितात आपण शुद्ध तांबं धरलं. पण बाजारात एक स्वस्त केबल मिळते, तिची तार ॲल्युमिनियमची असते आणि वर तांब्याचा पातळ मुलामा असतो. खोक्यावर बारीक अक्षरात 'सीसीए' लिहिलेलं असतं, कधी तेही नसतं. दिसायला ती तांब्यासारखीच दिसते, पण रोध साधारण दीडपटीहून जास्त. आपल्या ६० मीटरच्या उदाहरणात ५ ओहमच्या जागी ८ ओहम घाला. दिवसाच्या ४ वॅटसाठी ८क्ष² − १२क्ष + ४ = ० हे समीकरण सोडवा. धारा येते ०.५ ॲम्पिअर आणि कॅमेऱ्याला मिळतात जेमतेम ८ व्होल्ट. म्हणजे दिवसासुद्धा कॅमेरा सुरू होईलच याची खात्री नाही.

ओळखायचं कसं? तार ब्लेडने हलकेच खरवडा. आत पांढरट चंदेरी रंग दिसला तर ॲल्युमिनियम. शुद्ध तांबं आतपर्यंत तांबूस असतं. अशी तार चार-पाच वेळा वाकवली की पटकन तुटतेही. काही केबलमध्ये तर आत पोलाद असतं, ते चुंबकाला चिकटतं. दुकानात चुंबक घेऊन जायला लाजू नका. कॅमेऱ्यासाठी केबल घेताना 'शुद्ध तांबं' असंच मागा आणि दुकानदारासमोरच खरवडून बघा.

दोष शोधण्याची पायरी-पायरीने रीत

आता मुख्य भाग. एक वही घ्या, तारीख टाका आणि सुरुवात करा.

पहिली पायरी: एकच बंद की सगळे? सगळे कॅमेरे एकदम गेले असतील तर वायरींत शोधत बसू नका. स्विचला वीज आहे का, तो इन्व्हर्टरवर आहे का, एनव्हीआर सुरू आहे का ते बघा. एकच गेला असेल तर पुढे जा.

दुसरी पायरी: वेळ नोंदवा. नेमका कधी बंद पडतो?
– फक्त रात्री: वीज कमी पडते आहे.
– पाऊस पडल्यावर: बाहेरच्या जोडात पाणी.
– भर दुपारी: ऊन, तापलेला पत्रा, बंद पेटीत कोंडलेला स्विच.
– वारा आला किंवा केबल हलली की: टोकाचा कनेक्टर सैल.
नुसत्या या नोंदीवरून अर्धं काम होतं.

तिसरी पायरी: स्विचवरचे दिवे वाचा. बहुतेक स्विचवर प्रत्येक भोकाला दोन दिवे असतात, एक विजेचा आणि एक जोडणीचा. विजेचा दिवा लागलेला, जोडणीचा नाही, तर कॅमेऱ्याला वीज पोचते आहे पण माहिती येत नाही. दोन्ही बंद, तर हजेरीच लागत नाही. दोन्ही चालू आणि तरी चित्र नाही, तर दोष बहुधा वायरीत नसून सेटिंगमध्ये आहे. दोन कॅमेऱ्यांना एकच आयपी पत्ता गेला असेल, पासवर्ड बदलला असेल, नाहीतर राउटर नवा आला असेल.

चौथी पायरी: भोक बदला. बंद कॅमेऱ्याची केबल शेजारच्या चालू भोकात लावा. कॅमेरा सुरू झाला तर पहिलं भोक खराब. नाही झाला तर केबल पूर्वीच्या जागी लावूनच पुढे जा. एका वेळी एकच बदल!

पाचवी पायरी: कॅमेरा खाली आणा. सगळ्यात निर्णायक चाचणी हीच, आणि कंटाळा येतो म्हणून नेमकी हीच टाळली जाते. कॅमेरा उतरवून स्विचजवळ आणा आणि एक मीटरच्या तयार केबलने जोडा. अंधारात ठेवा किंवा प्रकाश ओळखणाऱ्या भागावर बोट धरा म्हणजे दिवे लागतील. अर्धा तास चालू द्या. इथे व्यवस्थित चालला तर कॅमेरा निर्दोष आहे. दोष त्या लांब केबलमध्ये किंवा तिच्या टोकांत आहे. नवा कॅमेरा घेण्याचे पैसे वाचले.

सहावी पायरी: टोकं नव्याने क्रिम्प करा. केबलच्या टोकाचा पारदर्शक कनेक्टर नीट निरखून बघा. आठही तारा पुढच्या कडेपर्यंत पोचल्यात का? बाहेरचं जाड आवरण कनेक्टरच्या आत दाबलेलं आहे का, की नुसत्या तारा लोंबताहेत? शंका आली तर टोक कापा आणि नवा कनेक्टर लावा. आपल्याकडे सर्रास वापरला जाणारा क्रम असा: पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम ठेवायचा.

काही जण म्हणतात, "दोन्हीकडे सारखं असलं की झालं, रंग कुठलाही चालतो." हे अर्धसत्य आहे. तिसरी आणि सहावी तार एकाच पिळलेल्या जोडीतली असावी लागते. सरळ नारंगी-नारंगी, हिरवी-हिरवी, निळी-निळी अशी ओळीने लावली तर टेस्टरवर आठही दिवे लागतात, पण लांब केबलवर माहिती गोंधळते. तारांना पीळ दिलेला असतो तो बाहेरचा आणि शेजारच्या जोड्यांचा त्रास कमी व्हावा म्हणून. जोडीच तोडली तर पिळाचा उपयोग काय?

सातवी पायरी: टेस्टर आणि मल्टिमीटर. साधा केबल टेस्टर आठ तारा जोडलेल्या आहेत की नाही एवढंच सांगतो. तार तांब्याची आहे का, रोध किती, जोडी बरोबर आहे का, हे त्याला कळत नाही. रोधासाठी मल्टिमीटर घ्या. केबल दोन्हीकडून पूर्ण सोडवा. एका टोकाला निळी आणि पांढरी-निळी तार एकमेकींना जोडा, दुसऱ्या टोकाला त्याच दोन तारांमधला रोध मोजा. ६० मीटर शुद्ध तांब्याला साधारण १० ओहम यायला हवेत. १६ च्या आसपास आले तर सीसीएचा संशय घ्या. आकडा हलवल्यावर नाचत असेल तर कुठेतरी तार अर्धवट तुटली आहे. चारही जोड्यांचे आकडे वहीत लिहा. ते एकमेकांच्या जवळपास असायला हवेत. एकच वेगळा आला तर दोष त्या जोडीत.

दोन फसवे प्रसंग

पहिला: केबलला लॅपटॉप लावला की नेट मिळतं, कॅमेरा लावला की काहीच नाही. साहजिकच वाटतं की केबल चांगली आहे. पण साध्या शंभर मेगाबिटच्या जोडणीला फक्त नारंगी आणि हिरवी जोडी लागते. काही स्विच वीज मात्र निळ्या-तपकिरीवरून देतात. निळी जोडीच तुटलेली असेल तर नेट मिळेल, वीज नाही. म्हणून आठही तारा तपासायच्या. (इथे एक खबरदारी घ्या. हजेरी घेणाऱ्या मानक स्विचला लॅपटॉप जोडायला हरकत नाही. पण सतत वीज सोडणारी स्वस्त जोडी किंवा इंजेक्टर वापरला असेल तर त्या केबलला लॅपटॉप अजिबात लावू नका.)

दुसरा: तीन कॅमेरे होते तोवर सगळं छान, चौथा लावला आणि रात्री कुठलातरी एक बंद पडायला लागला. ही बेरीज आहे. स्विचवर एकूण वॅट लिहिलेले असतात. समजा आठ भोकांचा स्विच ६० वॅटचा आहे. आठ कॅमेरे दिवसा ४ प्रमाणे ३२ वॅट घेतील, रात्री ८ प्रमाणे ६४. चार वॅट कमी पडले, आणि स्विच एखाद्या भोकाची वीज तोडतो. कॅमेरा घेताना त्याच्या कागदावरचा सर्वाधिक वॅटचा आकडा बघा आणि त्यानेच बेरीज करा.

याशिवाय काही स्विचवर 'एक्स्टेंड' नावाचं छोटं बटण असतं. ते दाबलं की १०० मीटरच्या पुढेही चालतं असं म्हणतात, पण त्या बदल्यात वेग १० मेगाबिटवर येतो. चित्र अडखळत असेल तर ते बटण चुकून दाबलं गेलंय का बघा.

पावसाळा आणि बाहेरचे जोड

आपल्याकडे, विशेषतः कोकणात आणि घाटमाथ्यावर, केबलचा मोठा शत्रू म्हणजे पाणी. कॅमेऱ्याच्या शेपटीला जी सॉकेट असते, तिथेच आपली केबल जोडतात, आणि तो जोड बऱ्याच ठिकाणी नुसती इन्सुलेशन टेप गुंडाळून उघड्यावर सोडलेला असतो. टेपच्या आत पाणी शिरतं पण वाळत नाही. पाणी, वीज आणि तांबं एकत्र आले की विद्युत अपघटन सुरू होतं आणि पिना हिरव्या पडतात. शिवाय ओलाव्यातून थोडी वीज झिरपते, त्यामुळे स्विचला तो २५ किलोओहमचा रोध नीट दिसत नाही आणि हजेरी लागत नाही. म्हणून पावसात चालू असलेला कॅमेरा लाईट जाऊन आली की पुन्हा सुरूच होत नाही, असं घडू शकतं.

उपाय साधे आहेत:
१. कॅमेऱ्यासोबत आलेली रबरी वॉशरची टोपी फेकू नका, तीच वापरा.
२. जोड जंक्शन बॉक्समध्ये घ्या. केबल बॉक्सच्या खालून आत घ्या, वरून नको.
३. आत शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकून जातं.
४. बाहेर उन्हात घरातली पांढरी-करडी केबल वापरू नका. ती तडकते. बाहेरची काळ्या आवरणाची केबल घ्या.
५. हिरवी पडलेली पिन खरवडून परत लावू नका. टोक कापून नवा कनेक्टर लावा.
६. जंक्शन बॉक्सची भोकं बुजवा. मुंग्या आणि पाली आत राहायला येतात.

सुरक्षेच्या बाबतीत तडजोड नको

नेटवर्क केबल घरातल्या २३० व्होल्टच्या वायरींसोबत एकाच पाइपात कधीही टाकू नका. आवरण खराब झालं तर मुख्य वीज थेट कॅमेरा, स्विच आणि पुढे आपल्या हातापर्यंत येऊ शकते. २३० व्होल्टचं कुठलंही काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. दोन इमारतींच्या मधून हवेतून ओढलेली तांब्याची केबल वीज कडाडताना धोक्याची असते. तिथे ऑप्टिकल फायबर चांगली, कारण काचेतून वीज वाहत नाही. शिडीवर एकट्याने चढू नका, आणि मुलांना शिडीवर चढवून तर मुळीच नको.

आणखी एक गोष्ट. रात्रीच्या घटीवर उपाय म्हणून १२ च्या जागी १५ व्होल्टचा ॲडॅप्टर लावायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. रात्री कदाचित चालेल, पण दिवसा भार कमी असताना कॅमेऱ्याला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज बसेल. योग्य उपाय तीन आहेत. कॅमेरा पीओईचा असेल तर मानक पीओई स्विच लावा. कॅमेरा फक्त १२ व्होल्टचा असेल तर ४८ व्होल्ट फाटकापर्यंत नेऊन तिथे १२ करणारा ॲक्टिव्ह स्प्लिटर लावा. नाहीतर ॲडॅप्टर कॅमेऱ्याजवळच, पाणी न शिरणाऱ्या पेटीत वायरमनकडून बसवून घ्या. जुन्या जाड केबलच्या कॅमेऱ्यांनासुद्धा १२ व्होल्टच्या घटीचं गणित असंच लागू पडतं.

वर्गात करून बघण्यासाठी

नववी-दहावीसाठी सोपा प्रयोग. नेटवर्क केबलचं न उलगडलेलं वेटोळं, १२ व्होल्टचा ॲडॅप्टर, १२ व्होल्टचा छोटा बल्ब आणि मल्टिमीटर घ्या. आधी बल्ब न लावता पलीकडच्या टोकाचं व्होल्टेज मोजा. मग बल्ब लावून मोजा. मग एका तारेच्या जागी दोन तारा समांतर जोडून पुन्हा मोजा. तीन आकडे फळ्यावर लिहा आणि फरक का पडला ते मुलांनाच विचारा. धारा वाहत नसताना घट नसते, हे वाक्य दहा वेळा सांगून जेवढं कळत नाही तेवढं या तीन आकड्यांत कळतं.

पालकहो, तुम्ही मुलांना सोबत घेऊन घरच्या वहीत एक पान करा: कुठला कॅमेरा, केबल किती मीटर, कुठल्या भोकात, बसवल्याची तारीख, चार जोड्यांचे रोध. पुढच्या वेळी दुरुस्तीला कोणी आलं तर हे पान त्याच्यासमोर ठेवा. "कॅमेरा गेलाय" म्हणण्याआधी तोही दोनदा विचार करेल.

आणि आज रात्री झोपण्यापूर्वी, दिवे मालवल्यावर, मोबाईलवर एकदा सगळ्या चौकटी बघून घ्या. शाळेतल्या मंडळींनी सकाळी आल्या आल्या रात्री दोनचं चित्रण उघडून बघावं. आठवड्यातून एकदा केलं तरी पुरे.